एक्केचाळीस नावांची यादी

कायद्याच्या कॉलेजात तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे आणि सार्वजनिक आरोग्याच्या संस्थेत ‘वकीलबाई’. दोन इमारतींमधलं अंतर पायी बारा मिनिटांचं, पण ती इकडेही पाहुणी आणि तिकडेही पाहुणीच. सकाळी साक्षीपुराव्याचा तास, दुपारी रोगराईची आकडेमोड. कायद्याच्या वर्गातली कोवळी मुलं डोकं दुखलं की तिच्याकडे गोळी मागायची, आणि आरोग्याच्या वर्गातले डॉक्टर घरमालकाशी वाजलं की फुकटचा सल्ला. ती चौतीस वर्षांची होती. नऊ वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढून पुन्हा बाकावर येऊन बसली होती. चार वर्षांत दोन पदव्या, असा तो जोड अभ्यासक्रम. त्याला अर्ज करणारी त्या वर्षी ती एकटीच.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते वॉर्डातच. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवणारा एक कारखाना शहराच्या कडेला होता. तिथल्या कामगारांची मुलं पुन्हा पुन्हा भरती व्हायची. पोटात कळा, अंगात रक्त नाही, अभ्यासात लक्ष नाही. औषधानं मूल जरा टवटवीत व्हायचं, घरी जायचं, आणि तीन महिन्यांनी तेच मूल त्याच पलंगावर. तिनं मोठ्या डॉक्टरांना विचारलं, ‘हे थांबवायचं कुणी?’ डॉक्टर म्हणाले, ‘आरोग्य खात्यानं.’ आरोग्य खात्यातले साहेब म्हणाले, ‘आम्ही फक्त अहवाल देतो. थांबवायचं कोर्टानं.’ कोर्टाच्या पायरीवर भेटलेला वकील म्हणाला, ‘कोर्टाला पुरावा लागतो बाई, तो डॉक्टरांनी द्यायचा.’ गोल फिरून ती निघाली होती तिथेच येऊन उभी राहिली. मग म्हणाली, ठीक आहे, दोन्ही मीच शिकते.

घरी हे सांगितलं तेव्हा दादा पोट धरधरून हसला होता. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आईवडील गेल्यावर त्यानंच तिला नर्सिंगला घातलं, आणि आताही ती त्याच्याच घरात, वरच्या खोलीत राहत होती. ‘ए शहाणे,’ तो म्हणाला, ‘एका हातानं इंजेक्शन देणार आणि दुसऱ्या हातानं नोटीस?’ पण पहिल्या दिवशी कॉलेजच्या दारापर्यंत स्कूटरवरून सोडायला तोच आला. दादा त्याच बॅटरीच्या कारखान्यात होता. भट्टीवर सुपरवायझर.

तिसऱ्या वर्षी तिनं प्रबंधासाठी विषय घेतला तो तोच. कारखान्यात काम करणाऱ्यांची सहा वर्षांखालची मुलं आणि त्यांच्या रक्तातलं शिसं. आरोग्य संस्थेतल्या मॅडम तिच्या मार्गदर्शक. काम वाटलं त्याहून अवघड निघालं. बायका दार अर्धंच उघडायच्या. नवऱ्याचं पोट त्या कारखान्यावर; मुलाचं रक्त तपासायला दिलं हे साहेबाच्या कानावर गेलं तर? मग ती उंबऱ्यावर बसायची आणि प्रत्येकीला एकच वाक्य सांगायची. ‘नाव फक्त माझ्या आणि मॅडमच्या यादीत राहील. तिसरं कुणी ती यादी बघणार नाही.’ त्या एका वाक्यावर चाळीस आयांनी आपापल्या मुलांची बोटं पुढे केली. अहवालात मुलांना फक्त क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, हे सांगणारी यादी संस्थेच्या लोखंडी कपाटात. कपाटाला दोन किल्ल्या, एक मॅडमकडे, एक तिच्याकडे.

एक्केचाळिसावी आई आली ती शेवटच्या दिवशी. वहिनी. कडेवर साडेचार वर्षांची बिट्टी.

‘ह्यांना कळता कामा नये,’ वहिनी म्हणाली.

‘अगं वहिनी, आपल्याच घरात कसली लपवाछपवी?’

‘बाकीच्यांना जे वचन दिलंस ते मला नाही का ताई? की घरचे म्हणून आम्ही फुकट?’ वहिनीनं कागद ओढून घेतला आणि सही केली. बिट्टीनं बोट टोचून घेताना आत्याकडे असं बघितलं, जणू हिनंही शेवटी फसवलंच.

पाचाच्या वर आकडा गेला की काळजी करायची, असं तिला शिकवलेलं होतं. बिट्टीचा आला एकोणीस. तिनं आधी मशीनला दोष दिला, मग स्वतःला. शिरेतून रक्त काढून पुन्हा तपासलं. एकोणीसच. त्यांचं घर कारखान्यापासून चांगलं लांब होतं, तिथवर धूर येत नव्हता. मग काय येत होतं? मॅडमनी हा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर तिला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी सहा वाजता ते दादाच्या रूपानं घरी यायचं. दारातूनच ‘कुठाय माझं पोर?’ म्हणून ओरडायचं, कामाच्या कपड्यांतच बिट्टीला उचलायचं, आणि बिट्टी त्या करड्या शर्टावर नाक घासत राहायची.

त्या दिवसापासून सहाचा ठोका तिला नकोसा झाला. ती जिन्यात उभी राहून बघायची. दादाला सांगावं, तर वहिनीचं गुपित फुटतं. न सांगावं, तर रोज एक चिमूट विष पोरीच्या अंगात जातं. दोघी नणंद-भावजयींनी मिळून मागच्या दाराशी बादली आणि साबण ठेवला, धुतलेले कपडे खुंटीला लावले. ‘आधी हे बदला, मग घरात या,’ वहिनीनं फर्मान काढलं. दादा म्हणाला, ‘बायको, मी भट्टीवरून येतोय, स्मशानातून नाही.’ चार दिवस ऐकायचा, पाचव्या दिवशी विसरायचा. पाचव्या दिवशी ती जिन्यातूनच बिट्टीला वर हाक मारायची.

मॅडमनी अहवाल आरोग्य खात्याला दिला. खात्यानं प्रथमच हातपाय हलवले आणि भट्टी बंद ठेवावी म्हणून कोर्टात दावा लावला. कारखान्याच्या वकिलानं उत्तर दिलं की आकडे बनावट आहेत. खरे असतील तर मुलांची नावं दाखवा, आम्ही आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतो. आणि समन्स निघालं ते तिच्या नावानं. ज्या हातांनी रक्त काढलं, त्या हातांनी यादी घेऊन हजर व्हावं.

शिपायानं तो कागद तिला भर वर्गात आणून दिला. साक्षीपुराव्याचे सर म्हणजे निवृत्त सरकारी वकील, आवाज तोफेसारखा. ‘वाचा, मोठ्यानं वाचा, सगळ्यांना अनुभव मिळेल!’ असं ते म्हणाले, आणि तिचा चेहरा बघून मध्येच थांबले. तास संपल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं.

‘वकिलाला सांगितलेलं गुपित राहतं,’ ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे तिला त्या दिवशी कळलं. ‘तुला सांगितलेलं राहत नाही. तू अजून वकील नाहीस, आणि असतीस तरी त्या बायांनी रक्त वकिलाला दिलं नव्हतं. कोर्टानं मागितलं की द्यावं लागतं.’

‘आणि नाही दिलं तर?’

‘कोठडी. नंतर वकिलीची सनद मिळताना तीच नोंद आडवी येणार. आणि ऐक, यादी गहाळ झाली, उंदरानं खाल्ली असलं काही डोक्यात आणू नकोस. समन्स हातात पडल्यावर पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे.’

बारा मिनिटं चालून ती मॅडमकडे गेली. मॅडमनी नेमकं तेच डोक्यात आणलं होतं. ‘जाळून टाकू,’ त्या म्हणाल्या. ‘मी पंचवीस वर्षं दारोदार फिरलेय. ती यादी एकदा बाहेर गेली ना, तर या शहरातली एकही आई पुन्हा आपल्याला मुलाचं नख कापू देणार नाही.’

दोन्ही गुरू आपापल्या जागी बरोबर होते. इतकी वर्षं ती दोन शास्त्रं शेजारी शेजारी शिकत होती. आता दोन्ही तिला एकेका हाताला धरून ओढत होती.

त्यानंतरचे तीन आठवडे तिनं कसे काढले, ते तिचं तिला ठाऊक. कॉलेजच्या फाटकासमोर एक माणूस मोटरसायकलवर बसलेला दिसायचा. हेल्मेट मांडीवर, नजर मोबाईलमध्ये. असेल कुणीतरी, मुलीला न्यायला आलेला, असं ती स्वतःला बजावायची. पण तोच माणूस आरोग्य संस्थेच्या फाटकासमोरही दिसला तेव्हा ती मागच्या दारानं आत गेली. ऑफिसातला कारकून म्हणाला, ‘वकीलबाई, तुमची चौकशी करत होतं कुणीतरी. कधी येता, कधी जाता.’ ती दिवसातून दहा वेळा पिशवीच्या आतल्या कप्प्यात हात घालून किल्ली चाचपायची. वॉर्डात रक्ताच्या गुळण्या बघून न घाबरलेली बाई आता दारावर टकटक झाली की दचकायची.

एका संध्याकाळी ती आंघोळ करून खोलीत आली, तर पिशवीच्या त्या कप्प्याची चेन उघडी. किल्ली जागेवर होती. पण किल्लीची दोरी ती नेहमी गुंडाळून ठेवायची, ती सुटलेली.

दादा गॅलरीत पाठमोरा उभा होता.

‘मी घेतली होती हातात,’ तो वळला नाही. ‘परत ठेवली.’

तिनं दोरी पुन्हा किल्लीभोवती गुंडाळली.

‘मॅनेजरनं बोलावलं होतं. म्हणाला, बहीण तुमची, घर तुमचं, एका दिवसाकरता किल्ली आणायची, नावं तेवढी उतरवून घेऊ. नाहीतर भट्टीवर नवा सुपरवायझर बघावा लागेल.’ मग तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं. होती ती नुसती भीती, तिच्यासारखीच. ‘तूच दे ना ती नावं, शहाणे. ती कोण कुठली माणसं! आपलं कुणी आहे का त्यात?’

खाली बिट्टीचं बडबडणं ऐकू येत होतं. जिन्याच्या पायथ्याशी वहिनीच्या हातातलं भांडं थांबलं होतं.

‘दादा, मला विचारू नकोस,’ ती म्हणाली. ‘पाया पडते, विचारू नकोस.’

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. न्यायाधीशबाई चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून कागद वाचत होत्या. मागच्या बाकावर सर येऊन बसले होते. तिसऱ्या रांगेत मॅनेजर आणि त्याच्या शेजारी दादा. त्याला मुद्दाम आणलं होतं, हे सांगायला नको. ती पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली. कारखान्याचा वकील अतिशय गोड बोलणारा होता. त्या गोडपणाचीच तिला जास्त धास्ती वाटली.

‘तुम्ही नर्स, तुम्ही कायद्याच्या विद्यार्थिनी, तुम्ही संशोधक. कौतुक आहे. आता एवढंच सांगा, यादी आणलीत?’

‘कपाटात आहे. आणलेली नाही.’

‘का बरं?’

‘मी त्या आयांना सांगितलं होतं की तिसरं कुणी बघणार नाही.’

‘असं.’ त्यानं फाइल मिटली. ‘मग यादी राहू दे बाजूला. तुम्ही शपथेवर आहात. या एक्केचाळीस मुलांमध्ये तुमच्या नात्यातलं एखादं मूल आहे का? म्हणजे आकडे कुणाच्या मायेपोटी वाढवलेत का, हे कोर्टाला कळायला हवं.’

त्यानं अंधारात मारलेला दगड होता की त्याला काही सुगावा लागला होता, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या कानांत नुसता पंखा घुमत राहिला. ‘नाही’ म्हणावं तर खोटी साक्ष. ‘हो’ म्हणावं तर वहिनी उघडी पडते, आणि दादा, सगळ्या लोकांसमोर. तिनं तिसऱ्या रांगेकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि नेमकं तिकडेच बघितलं.

‘या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही.’

न्यायाधीशबाईंनी चष्मा वर केला. ‘उत्तर नाकारलं तर काय होतं, माहीत आहे?’

‘माहीत आहे. मागच्या आठवड्यात त्याच विषयाचा पेपर दिलाय.’

कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. एकदा तोंड उघडल्यावर तिनं सगळं बोलून घेतलं. ‘बाईसाहेब, वचन मी दिलंय, पण नाव माझं नाही. ज्याचं नाव, त्यानं ठरवावं. मला आठ दिवस द्या. मी प्रत्येक घरी जाऊन विचारते. जी आई हो म्हणेल, तिचं नाव मी कोर्टाला बंद पाकिटात देईन, आणि कोर्टानं नेमलेला डॉक्टरच ते बघेल, कारखाना नाही. ज्या नाही म्हणतील, त्यांचे आकडे अहवालातून काढून टाका. त्यानं खटला लंगडा पडला तर पडू दे.’

कारखान्याच्या वकिलानं हरकत घेतली. न्यायाधीशबाईंनी बराच वेळ काही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग म्हणाल्या, ‘आठ दिवस. नवव्या दिवशी काही आणलं नाहीत तर मी ऐकणार नाही.’

तिसऱ्या रांगेतली दादाची जागा रिकामी होती.

ती धावतच घरी आली. दादा स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता, वहिनी ओट्याला टेकून उभी. ‘किती?’ त्यानं तिला विचारलं. तिनं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं मान हलवली.

‘एकोणीस.’

‘म्हणजे जास्त?’

‘जास्त.’

‘धूर तर इथवर येत नाही.’ तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. मग त्याची नजर आपल्या बाहीवर गेली. त्याला कुणी काही सांगण्याची गरज पडली नाही. बिट्टी नेहमीसारखी धावत आली, तेव्हा तो एकदम उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला, दोन्ही हात मागे लपवून. ‘हिला घे, आत ने हिला,’ तो वहिनीवर ओरडला. पोर रडायला लागली.

ते आठ दिवस ती दारोदार फिरली. कुठे पाणी विचारलं, कुठे दार तोंडावर आपटलं. एका बाईनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही. ‘तू वचन दिलं होतंस,’ एवढंच म्हणाली. ती पुढच्या दाराकडे वळली. एक म्हातारा आजोबा म्हणाला, ‘माझी सून घाबरते, पण नातू माझा आहे, लिही.’ तिनं लिहिलं नाही. सुनेची सही हवी होती. आठव्या दिवशी दुपारपर्यंत पंचवीस सह्या झाल्या. पंधरा नकार. एकच कागद उरला होता, घरचा.

संध्याकाळी दादानं तिच्यापुढे हात केला. कागद मागितला. वहिनीनं सही केली, तिच्याखाली त्यानं आपलंही नाव लिहिलं, सही केली आणि निघून गेला. सव्वीस.

कोर्टाच्या डॉक्टरांनी सव्वीस मुलं पुन्हा तपासली. आकडे खरे निघाले. चार तर अहवालापेक्षा वर गेलेले. कामगारांना अंघोळीची जागा, कपडे बदलायची खोली आणि धुराड्याची दुरुस्ती होईपर्यंत भट्टी बंद ठेवण्याचा हुकूम झाला. ती पाच महिने बंद राहिली. त्या पाच महिन्यांत गल्लीतल्या माणसांनी तिला तोंडावर काय काय म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही. एका सकाळी तिच्या खिडकीची काच फुटली. भट्टी सुरू झाल्यावर दोन कामगारांना घरी बसवलं. कारण दुसरंच दाखवलं, पण दोघांच्याही बायकांच्या सह्या पाकिटात होत्या. पाकीट कुठून फुटलं की नुसता अंदाज बांधला, ते कधीच कळलं नाही. त्या दोघांची प्रकरणं सरांनी स्वतः लढवली. एकाला काम परत मिळालं, दुसऱ्याला नाही. त्या दुसऱ्या घरावरून जायची वेळ आली की ती अजून रस्ता बदलते.

दादानं कामावर परत पाऊल टाकलं नाही. तो आता शाळेची बस चालवतो. बहिणीशी तो तीन महिने बोलला नाही, आणि बिट्टीला त्यानं जवळजवळ वर्षभर उचललं नाही. हात साबणानं सोलवटून निघेपर्यंत धुवायचा, तरी दोन हात लांबच. बिट्टीचा आकडा एकोणीसवरून चौदा झाला, मग अकरा, मग आठवर येऊन अडून बसला. शाळेत तिला अक्षरं उशिरा लागली. ती शिशामुळे की तशीच, हे कुठलंच शास्त्र सांगू शकत नाही. आत्याला दोन शास्त्रं येतात तरी.

पदव्या तिला एक वर्ष उशिरा मिळाल्या. सनदेच्या मुलाखतीत त्या कोर्टातल्या नकाराबद्दल विचारलंच. तिनं जे झालं ते सांगितलं, आणि बाहेर येऊन बाकावर बसली. सनद मिळाली. आता ती आरोग्य खात्याच्या कायदा विभागात आहे. खात्याच्या संमतिपत्रातलं वाक्य तिनं बदलून घेतलं. त्यात आता लिहिलेलं असतं की नाव आम्ही जपू, पण कोर्टानं मागितलं तर द्यावं लागू शकतं, आणि तसं झालं तर आधी तुमच्या दारी येऊ. मॅडमना ते वाक्य पटलं नाही. ‘एवढं वाचून कोण बोट पुढे करेल?’ त्या म्हणाल्या.

गेल्या महिन्यात ती दुसऱ्याच एका वस्तीत गेली होती. तिथे रंगाचा कारखाना आहे. एका बाईला तिनं ते वाक्य वाचून दाखवलं, नीट समजावलं. बाईनं पूर्ण ऐकून घेतलं, मांडीवरचं मूल उचललं आणि आत जाऊन दाराला कडी घातली. शेजारच्या दारातून एक दुसरी बाई हे सगळं बघत होती. ती म्हणाली, ‘माझ्याकडे दोन आहेत. आधी मोठ्याचं घ्या, धाकटा रडतो.’

तिनं पिशवी उचलली आणि त्या दारी जाऊन बसली.